कुत्र्याचे ताट

२०२४च्या दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून भिलाईला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत एक छोटा वजनकाटा होता. काटा आमच्या कुत्र्यासाठी होता. बंड्या सात वर्षांचा लॅब्राडोर, वजन अठ्ठावीस किलो. वर्षभर त्याच्या अंगाला खाज होती, कान सारखे दुखत. औषधाने बरे वाटे, औषध थांबले की पुन्हा तेच. मुलाने बरेच वाचले होते आणि त्याचे मत पक्के झाले होते. दूध-पोळी, वरणभात, पाकिटातले दाणे हे सगळे बंद करून बंड्याला कच्च्या मांसावर ठेवायचे. वजनाच्या दोन-अडीच टक्के, म्हणजे रोज सहाशे ग्रॅमच्या आसपास. त्यात मांस, चावता येतील अशी कच्ची हाडे आणि थोडी कलेजी.

घर माळकरी. वडील १९६१ साली गोंदियाहून इथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि आई तिच्या तुळशीच्या माळेसह त्यांच्या मागोमाग आली. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये शेजारी बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातला वास वेगळा. आईने कधी कुणाच्या ताटाला नाक मुरडले नाही, पण आपल्या फ्रिजमध्ये मांस येऊ दिले नाही. आता ते येणार होते आणि तेही माणसासाठी नव्हे. वाद झाला तो इथून. सोवळ्या-ओवळ्याचा तो असेल असे मला आधी वाटले होते. तो निघाला दुसऱ्याच गोष्टीचा, आणि म्हणूनच तो लिहून पाहावासा वाटतो.

मुलाचा पहिला मुद्दा निसर्गाचा होता. कुत्रा लांडग्याच्या कुळातला. त्याचे दात फाडण्यासाठी आहेत, दळण्यासाठी नाहीत. कोरडे दाणे ही तर कालपरवाची गोष्ट. १८६०च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या माणसाने कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला सुरुवात केली आणि तिथून हा धंदा वाढत गेला. त्याआधी हजारो वर्षे कुत्री पाकिटाशिवाय जगत होतीच. १९९३ साली इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने कुत्र्यांना कच्ची हाडे आणि मांस द्यावे असे सांगणारे पुस्तक लिहिले, त्यानंतर ही चळवळ जगभर पसरली. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पाकिटावर छापले आहे म्हणून ते अन्न चांगले, असे मानायला काही आधार नाही. कच्च्या हाडाचे टोकदार तुकडे शिजवलेल्या हाडापेक्षा कमी होतात हेही खरे, जरी कच्च्या हाडानेही दात तुटतात आणि आतडे अडते.

पण निसर्गाचा दाखला देताना तो पूर्ण द्यावा लागतो. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडिश संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराचा जनुक लांडग्यात दोन प्रतींत असतो. कुत्र्यांत त्याच्या प्रती चारपासून तीसपर्यंत आढळल्या. याचा सरळ अर्थ असा की माणूस धान्य पिकवू लागला, त्याच्या उकिरड्यावर भात, भाकरी, पेज पडू लागली आणि ते पचवू शकणारी कुत्री टिकली. आमच्या छत्तीसगडात भाताचे पसिया दारच्या कुत्र्याला घालतात, महाराष्ट्रात भाकरीचा तुकडा टाकतात. कुत्र्याचा निसर्ग जंगलात राहून गेलेला नाही. तो आपल्या उंबऱ्याशी घडला आहे.

मात्र यावरून 'म्हणून पोळीच घाला' असेही सिद्ध होत नाही, ही कबुली मला द्यावी लागली. एखादी गोष्ट निसर्गात आहे म्हणून ती करावी, हा तर्क मुलाच्या बाजूने लंगडा असेल तर माझ्याही बाजूने लंगडाच राहतो. दारच्या कुत्र्याला उष्टे घालण्याची रीत जुनी आहे, पण आपल्या उष्ट्यात कांदा असतो, लसूण असतो, कधी बेदाणे असतात, आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. परंपरेने कुत्री जगवली तशी मारलीही. निसर्ग आणि परंपरा या दोन्हींना विचारून झाले की प्रश्न पुन्हा आपल्याकडेच येतो: या एका प्राण्याचे अन्न मी ठरवतो आहे, ते कशाच्या आधारे ठरवू?

दुसरा मुद्दा आईने काढला, आणि तो मला सुचला नव्हता. सुपेल्याच्या बाजारातून पहिली पिशवी घरी आली त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बंड्या आपला, म्हणून कोंबडी परकी का रे?"

मी हिशेब केला. रोज सहाशे ग्रॅम म्हणजे वर्षाला सुमारे दोनशे वीस किलो. साफ केलेली कोंबडी सव्वा ते दीड किलोची धरली तर वर्षाला दीडशे कोंबड्यांच्या वर. एका प्राण्यावर माझे प्रेम आहे, त्याची खाज मला बघवत नाही, म्हणून त्याच्या खाजेवरचा उपाय म्हणून दरवर्षी दीडशे प्राणी. पीटर सिंगर यांनी १९७५च्या 'अ‍ॅनिमल लिबरेशन'मध्ये मांडलेला विचार हाच आहे की, ज्याला वेदना होते त्याच्या वेदनेचे मोल तो कोणत्या जातीचा यावरून ठरू नये. आईने तो वाचलेला नाही. तिचा प्रश्न मात्र तिथेच बोट ठेवत होता. आपण प्राण्यांवर प्रेम करतो असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपण एका प्राण्यावर प्रेम करत असतो.

यावर मुलाने जे उत्तर दिले तेही ऐकण्यासारखे होते. "आजी, तुझी माळ तू घातलीस. बंड्याच्या गळ्यात ती कुणी घातली?" स्वतःचे व्रत दुसऱ्यावर लादणे ही हिंसाच, आणि जो बोलू शकत नाही त्याच्यावर लादणे तर अधिकच. इथल्या मैत्री बागेत पांढरे वाघ आहेत. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने उभारलेल्या त्या बागेत आम्ही सगळ्यांनीच लहानपणी किंवा मुलांना घेऊन फेऱ्या मारल्या आहेत. वाघाला वरणभात घालावा असे आईही म्हणणार नाही. वाघाला पिंजऱ्यात आपण ठेवले, तेव्हा त्याच्या मांसाची जबाबदारीही आपण घेतली.

पण कुत्रा आणि वाघ यांच्यात इथे फरक आहे, आणि तो नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वाघ-मांजरांना मांसातून मिळणारी काही द्रव्ये स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करता येत नाहीत. मांस त्यांना लागतेच. कुत्र्याचे तसे नाही. अंडी, डाळ, भात, थोडे मांस अशा मिश्र अन्नावर तो नीट जगतो, अट एवढीच की अन्न विचारपूर्वक ठरवलेले हवे. 'लागतेच' आणि 'आवडते' यांत अंतर आहे. वाघासाठी प्राणी मारला जातो तेव्हा दुसरा मार्ग नसतो. बंड्यासाठी तो होता. दुसरा मार्ग असताना केलेल्या हत्येचे उत्तर जास्त कसून द्यावे लागते.

मुलाच्या तक्त्यात एक गंमतही होती. तक्ता पुण्यातला, म्हणून त्यात म्हशीचे मांस लिहिलेले. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, पण म्हशीला परवानगी आहे. छत्तीसगडच्या २००४च्या कायद्यात गाय, बैल, वासरू यांच्याबरोबर म्हैसही आहे. तेव्हा इथे कच्चा आहार म्हणजे कोंबडी आणि बोकड. एका म्हशीच्या मांसाइतके मांस मिळवायला किती कोंबड्या लागतील याचा हिशेब केला की लक्षात येते, मोठे जनावर वाचवणारा कायदा लहान जीवांची संख्या वाढवतो. कायद्यावर मला इथे भाष्य करायचे नाही. एवढेच की 'निसर्गाचा आहार' असे आपण ज्याला म्हणतो, तो राज्याच्या सीमेगणिक बदलतो.

मधला एक मार्ग मुलानेच सुचवला. माणसे जे घेत नाहीत ते घ्यायचे: कोंबडीच्या माना, पंजे, पोटे. माणसाच्या जेवणासाठी कोंबडी मारली गेलीच आहे, तिचे उरलेले आपण घेतो, तर नवी हत्या आपल्या नावावर येत नाही. हा युक्तिवाद मला पटला आणि आजही बराचसा पटतो. मागणी वाढली की उरलेल्यालाही भाव येतो आणि मग ते उरलेले राहत नाही, हे खरे. पण एका घरापुरते ते चालून जाते. आई मात्र एवढेच म्हणाली की मग हे उष्टेच झाले, फक्त दुसऱ्याच्या घरचे.

खरा तिढा नंतर आला, आणि तो कोंबडीचा नव्हता.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई पहिल्या आठवड्यात हसून म्हणाली होती, "कुकुर बर अतेक कुकरी!" कुत्र्यासाठी एवढी कोंबडी! आम्हीही हसलो. दुसऱ्या आठवड्यात तिने शांतपणे सांगितले की बंड्याचे भांडे ती घासणार नाही. आम्हाला वाटले, किळस असेल किंवा राग असेल. कारण वेगळे होते. तिच्या घरी दहा महिन्यांची नात होती आणि इथून गेल्यावर ती तिला भरवत असे. कच्च्या कोंबडीच्या पाण्याने पोरे आजारी पडतात हे तिला कुणी शिकवायला नको होते.

तिचे बरोबर होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात बाजारातल्या कच्च्या पशुआहाराचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरियाचा घातक प्रकार सापडला. ते नमुने गोठवून, पाकिटात बंद करून विकलेले होते. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. आपल्याकडे मांस कापल्यावर उघड्यावर लटकते आणि एप्रिल-मेमध्ये भिलाईचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. निरोगी कुत्र्याला हे जंतू पचतातही. ते त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून बाहेर पडतात. कच्च्या कलेजी-फुप्फुसांचा धोका आणखी जुना आहे. बकरी-मेंढीच्या त्या अवयवांत एका पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की कृमी तिथे वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात आणि तिथून माणसाच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ तयार होते. कुत्र्याला काही होत नाही. होते ते अंगणात रांगणाऱ्या मुलाला.

मग डिसेंबर संपता संपता नागपूरहून बातमी आली. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले; जानेवारी २०२५मध्ये भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून कळले की तो बर्ड फ्लू होता. खाऊ घातलेल्या कोंबडीतून तो आला असावा असा संशय होता. त्या महिन्याच्या अखेरीस आमच्याच राज्यात, रायगढच्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रात तो निघाला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच सुमारास छिंदवाड्यात पाळीव मांजरांना त्याची लागण झाल्याचे समोर आले. वाघाच्या पिंजऱ्यापासून घरातल्या मांजराच्या वाटीपर्यंत एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर कच्चे मांस होते.

इथे मला माझ्या विचारातली चूक दिसली. मी दोन महिने प्रश्न असा मांडत होतो: बंड्याचे हित विरुद्ध कोंबडीचा जीव. जणू या व्यवहारात दोघेच आहेत आणि मी तराजू धरून मध्ये उभा आहे. प्रत्यक्षात त्या ताटाभोवती कितीतरी जण होते. कोंबडी कापणारा, भांडे घासणारी, तिची नात, अंगण झाडणारी आई. निर्णय माझा आणि मुलाचा, समाधान आमचे, आणि धोका ज्यांना विचारलेच नाही त्यांचा. एखाद्या गोष्टीचा फायदा कुणाला आणि तोटा कुणाला हे पाहिल्याशिवाय ती गोष्ट प्रेमाची की हौसेची ते सांगता येत नाही.

त्याच ताटाजवळ आणखी एक प्रश्न उभा होता, आणि तो टाळणे सोपे होते. मुलाच्या तक्त्यात आठवड्याला तीन कच्ची अंडी होती. २०१९ साली छत्तीसगड सरकारने शाळेतल्या मध्यान्ह भोजनात अंडी द्यायचे ठरवले. कबीरपंथीयांनी आणि इतरांनी विरोध केला. मग सरकारने सांगितले की पालकांशी बोला, एकमत होत नसेल तर अंडी घरी पोचवा. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तिथे पोराच्या ताटातल्या अंड्यावर सभा भरतात, आणि माझ्या कुत्र्याच्या अंड्याला कुणाचीच हरकत नसते. बंड्याचे अंडे बंद केल्याने कुठल्या शाळेत ते पोचणार नाही, हे मला समजते. म्हणून 'माणसे उपाशी असताना कुत्र्याला कशाला' हा युक्तिवाद मी करत नाही. तो करणारे पुष्कळदा दोघांनाही काही देत नाहीत. पण ज्या बाईने ते भांडे घासायचे, तिच्यासमोर काट्यावर कलेजी तोलताना संकोच वाटला पाहिजे, आणि मला तो उशिरा वाटला.

फाटकाबाहेर दोन-तीन कुत्री असतात. आई त्यांना पोळी टाकते. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्याचा निषेध केला नाही. 'यंग इंडिया'तल्या लेखमालेत त्यांनी उलट बाजू धरली: मालक नसलेले कुत्रे ही समाजाच्या बेपर्वाईची खूण आहे, आणि जबाबदारी न घेता तुकडा टाकणे ही दया नव्हे. त्यांच्यावर संतापाची पत्रे आली. २२ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही कुत्र्यांना खाऊ घालायला मनाई केली आणि त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितले, तेव्हा तोच वाद नव्वद-शंभर वर्षांनी परत आला. गांधीजींचा निष्कर्ष मला कठोर वाटतो. पण त्यांनी धरलेला दोरा सोडवत नाही: खाऊ घालणे ही सुरुवात आहे, त्यानंतर जे होते तेही खाऊ घालणाऱ्याचेच.

बंड्याचे काय झाले ते सांगितले पाहिजे. खाज कमी झाली. मुलाला वाटते मांसाने. पण त्याच दिवसांत दूध आणि गव्हाची पोळी बंद झाली होती, थंडी पडली होती आणि गोचिड्या कमी झाल्या होत्या. यांतल्या कशाने, ते मला सांगता येणार नाही. ज्यांना आम्ही दाखवले त्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की कुत्र्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी असते तेव्हा तिचे कारण पुष्कळदा दूध असते, तसे कोंबडीचे मांसही असते. एकेक पदार्थ आठ-आठ आठवडे पाहूनच ठरवता येते. नुसते बिनहाडाचे मांस घातले तर चुना कमी पडून हाडे ठिसूळ होतात, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे कच्चे की शिजवलेले यापेक्षा पुरेसे आणि मोजलेले आहे की नाही, हा प्रश्न मोठा होता. मुलाचा वजनकाटा त्या अर्थाने उपयोगी पडला.

फेब्रुवारीत आम्ही कच्चे बंद केले. आता भात, भोपळा, उकडलेले पोटे किंवा कलेजी, आठवड्याला दोन उकडलेली अंडी, वर डॉक्टरांनी दिलेली चुन्याची पूड. मीठ, कांदा, लसूण नाही. यात कोंबडी मरते. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही आणि ते आहे असे भासवणे मी सोडले आहे. पूर्ण शाकाहार करून पाहावा का, हा विषय घरात अजून चालू आहे. सात वर्षांच्या, आधीच आजारी कुत्र्यावर तो प्रयोग करायला माझे मन होत नाही. यात विचार किती आणि धास्ती किती, हेही मला नक्की वेगळे करता येत नाही.

आईने एकदा नामदेवांची गोष्ट काढली. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी नेहमी दयेची म्हणून ऐकली. यावेळी मला त्यातले धावणे दिसले. तूप नामदेवांच्या स्वतःच्या घरातले होते, पायपीटही त्यांचीच होती. दुसऱ्या कुणाला त्यांनी कामाला लावले नव्हते.

बंड्याचे भांडे आता मी घासतो. मुलगा येतो तेव्हा तो घासतो. पहिल्या दिवशी आईने बाजूला उभे राहून पाहिले आणि राख वेगळी ठेव एवढेच सांगितले.